किक नसलेली आरडी आणि भंगारातला सेल्फ

कोइंबतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेची आमची पहिली फेरी सकाळी नऊला होती. पावणेनऊ झाले तरी आमची राजदूत ३५०, म्हणजेच आरडी, काही चालू होईना. दोन पोरं मागून ढकलतायत, भाचा दुसऱ्या गिअरमध्ये क्लच दाबून बसलाय. दहा-बारा पावलं झाली की तो सीटवर आदळून क्लच सोडतो, मागचं चाक चिर्र करून घासतं, इंजिन दोनदा फुसफुसतं आणि गप्प. तिसऱ्या खेपेला प्लग ओले झाले. काढले, पुसले, पुन्हा ढकललं. चौथ्यांदा गाडी लागली तेव्हा ढकलणारा एक पोरगा डांबरावर गुडघ्यांवर पडला होता, आणि घामानं भाच्याच्या हेल्मेटची काच आतून धुरकटली होती. पहिली फेरी निम्मी गेली.

परतताना टेम्पोत तो म्हणाला, "मामा, किक परत बसवूया काय?"

"बसवशील कुठं?"

आरडीची किक उजवीकडं. तिथं आता मागं सरकवलेले फूटरेस्ट आहेत आणि त्यांच्याखालून एक्स्पान्शन चेंबर (रेसचा फुगीर सायलेन्सर) गेलाय. किकचा शाफ्ट आणि तिचा आयडलर गिअर आम्हीच काढून टाकलेला, भोकात ॲल्युमिनियमचा डाट ठोकलेला. पॉइंट काढून बॅटरी न लागणारं मॅग्नेटोवरचं इग्निशन बसवलेलं, म्हणजे क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) बरा फिरल्याशिवाय ठिणगीच नाही. त्यात पोर्ट वर चढवलेले आणि कार्बोरेटर मोठे. हळू फिरवलं तर अशा इंजिनाला पेट्रोल ओढता येत नाही.

रेसच्या गाडीला स्वतःचा स्टार्टर नसणं ही काही आमचीच तऱ्हा नाही. मोटारसायकलच्या ग्रां प्री शर्यतींत १९८६ पर्यंत सगळे रायडर बंद गाडी ढकलत पळायचे आणि पळता पळता उडी मारून बसायचे. १९८७ पासून चालू इंजिनावर क्लच सोडून सुटायची पद्धत आली. आजच्या मोटोजीपीच्या गाडीतही सेल्फ नसतो. मेकॅनिक बाहेरून स्टार्टर लावतो, इंजिन लागलं की तो बाजूला. वजन वाचतं. त्यांचा स्टार्टर ज्या किमतीत येतो त्यात आमच्याकडं अख्खी गाडी येईल, म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरात, माझ्या दोन लेथच्या शेडमध्ये, आपलाच करायचं ठरलं.

पोरांचं पहिलं म्हणणं होतं की क्रँकच्या टोकाला सॉकेट लावावा आणि मोठ्या ड्रिलनं फिरवावा. मी नको म्हटलं. इंजिन लागलं आणि सॉकेट अडकून राहिला, तर ड्रिल हातात राहत नाही, मनगट घेऊन जातं. शिवाय प्रत्येक गाडीचं टोक वेगळं. त्यापेक्षा रोलर बरे: जमिनीवर दोन रोलर, त्यावर मागचं चाक, रोलरला मोटारीचा सेल्फ. गिअर टाकून चाक फिरवलं की क्रँक फिरतो. चाक कुठल्याही गाडीला असतंच.

भंगार बाजारातून एका पोरानं मारुतीचं फ्लायव्हील आणलं. कडेच्या दातेरी कड्यासकट, म्हणजे रिंग गिअरसकट. त्याची कल्पना अशी की रिंग गिअर रोलरला जोडू, सेल्फ आहे तसा त्याला लावू, काही बनवायलाच नको. ऐकायला झकास. पण रिंग गिअरला शंभराच्या वर दाते आणि पिनियनला, म्हणजे सेल्फच्या टोकाच्या छोट्या गिअरला, नऊ-दहा, म्हणजे वेग दहा-बारा पटीनं खाली येतो. रोलर मिनिटाला दीडशे-पावणेदोनशे फेरे मारणार. तेवढ्यात आरडी खोकणारसुद्धा नाही.

मग मोजमाप केलं. प्लग काढले, टायरवर खडूची खूण केली, आणि एकजण चाक फिरवतोय, दुसरा क्रँकचे फेरे मोजतोय. तिसऱ्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला क्रँक पावणेअकरा वेळा फिरतो. पहिल्यात एकवीस, चौथ्यात जवळपास नऊ. टायरचा घेर दोन मीटर. क्रँकला मिनिटाला सातशे फेरे हवे धरले, तर तिसऱ्या गिअरमध्ये चाक पासष्ट फेरे फिरलं पाहिजे, म्हणजे टायर ताशी आठ किलोमीटरच्या जरा आत पळतो. दोन पोरं जीव खाऊन गाडी पळवतात तोच हा वेग. १०० मिमी व्यासाच्या रोलरला त्यासाठी मिनिटाला सव्वाचारशेच्या आसपास फेरे लागतात.

डिझेल जीपचा सेल्फ घेतला, दोन किलोवॉटच्या घरातला, १२ व्होल्टचा. पिनियन नाकाच्या कव्हरात न दडलेला, बाहेर उघडा असलेला निवडला, कारण त्यावर स्प्रॉकेट चढवायचं होतं. त्याच्यावर १३ दात्यांचं, रोलरवर बाइकच्या मागच्या चाकाचं ४२ दात्यांचं, मधे ४२८ ची चेन. सव्वातीन पट उतार. रोलर जाड पाइपचे, दोन्ही टोकांना प्लेट वेल्ड करून लेथवर एकाच पकडीत कातलेले, २५ मिमीचा शाफ्ट, यूसीपी २०५ चे चार बेअरिंग-पेडेस्टल. दोन रोलरांच्या मध्यांतलं अंतर २३० मिमी. इतक्या अंतरात टायर जेमतेम दोन सेंटिमीटर खाली बसतो. गाडी आपोआप निसटत नाही आणि बाहेर काढताना कंबरही मोडत नाही.

पहिली चाचणी रविवारी संध्याकाळी. भाचा गाडीवर, क्लच दाबलेला. मी बटण दाबलं. चाक फिरलं, पण उलटं! शेडमध्ये असा हशा पिकला की शेजारच्या फौंड्रीतले लोक बघायला आले. सेल्फ पिनियनकडून बघितला तर घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, आणि रोलर चाकाच्या उलट फिरतो, हे मला तीस वर्षं माहीत आहे. तरी पिनियनचं तोंड गाडीच्या उजव्या बाजूला करून बसवलं होतं. ते डावीकडं पाहिजे. क्लच सोडला नाही हे बरं झालं. टू-स्ट्रोक उलटं फिरवलं तर कधी कधी उलटंच चालूही होतं, आणि मग पहिल्या गिअरला गाडी मागं पळते.

सेल्फ फिरवून बसवला. आता चाक सुलट फिरलं. भाच्यानं सवयीनं दुसरा गिअर टाकला आणि क्लच सोडला. चाक जागच्या जागी थांबलं आणि खालचा रोलर त्याच्यावर घासत राहिला. जळक्या रबराचा वास. पहिल्या गिअरमध्ये तर आणखी वाईट.

"सेल्फ कमी पडतोय मामा. चोवीस व्होल्ट देऊया, दोन बॅटऱ्या जोडून."

सेल्फ कमी पडत नव्हता. तो तर फिरतच होता! पडत होती ती टायर आणि लोखंडाची पकड. शाळेच्या प्रयोगशाळेत असायचा तसला मोठा ताणकाटा आणला, टायरला दोरी गुंडाळली आणि तिसऱ्या गिअरमध्ये चाक हळूहळू ओढून बघितलं. कॉम्प्रेशनला काटा पन्नास किलोपर्यंत गेला. पहिल्या गिअरमध्ये नव्वदच्या पुढं. मग मागचं चाक वजनकाट्यावर ठेवून भाच्याला वर बसवलं: ११५ किलो. हे वजन दोन रोलरांत वाटलं जातं, एकेकावर साठेक. गुळगुळीत लोखंडावर रबराची पकड वजनाच्या निम्मी धरली तर एका रोलरकडून तीस किलोपेक्षा जास्त ओढ मिळणारच नाही, आणि आम्ही एकच रोलर फिरवत होतो. पन्नास लागतात तिथं तीस. चोवीस व्होल्टच काय, अठ्ठेचाळीस दिले असते तरी रबरच जळालं असतं. हे गणित दहा मिनिटांचं. आधी केलं असतं तर रविवार वाचला असता.

उपाय तिथंच दिसत होते. दोन्ही रोलर एका चेननं जोडले, दोघंही ओढायला लागले. रोलरवर लेथवरच भरड नर्लिंग (पकडीसाठी खरखरीत नक्षी) काढलं. आणि भाच्याला सांगितलं, पहिला-दुसरा गिअर विसर, तिसरा टाक. वरच्या गिअरला चाकाशी लागणारी ओढ कमी होते, क्रँक थोडा हळू फिरतो एवढंच. ढकलून चालू करणारे लोकही पहिला गिअर टाकत नाहीत ते याच कारणानं.

आणखी एक. सेल्फकडून येणारी चेन आम्ही पुढच्या रोलरला दिली होती, ती मागच्याला नेली. रोलर चाकाला फिरवतो तेव्हा टायरला मागं ओढतो, गाडी मागच्या रोलरवर दाबली जाते. म्हणून जोर तिथं द्यायचा आणि पुढचा ब्रेक दाबून धरायचा. इंजिन लागलं की उलट होतं: आता चाक रोलरला फिरवतं आणि गाडी पुढं उडी मारायला बघते. हे कागदावर कळलं होतं. अंगावर आलं ते पुढच्या शनिवारी.

त्याआधी वायरिंगचं एक. पहिल्यांदा भंगारातल्या एका गाडीची बॅटरी केबल वापरली होती, १६ चौरस मिमीची. जाऊन-येऊन चार मीटर. एवढ्या तांब्यात २५० अँपिअर गेले की एक व्होल्टच्या वर वाटेतच जातो. शिवाय थिंबल (केबलच्या टोकाच्या कड्या) नीट दाबलेले नव्हते. सेल्फच्या टोकाला मीटर लावला तर फिरताना ८.६ व्होल्ट. वेल्डिंगची ५० चौरस मिमीची केबल टाकली, थिंबल हायड्रॉलिक पकडीनं दाबून घेतले, तेव्हा तिथंच साडेनऊ मिळाले. आवाजातच फरक. सेल्फचा जोर कमी वाटला की लोक बॅटरी बदलतात. आधी केबलला हात लावून बघावा, गरम लागली तर पैसा तिथं जातोय.

आता शनिवार. १३ दात्यांचं स्प्रॉकेट पिनियनवर बसवायचं कसं, हा प्रश्न आम्ही घाईत सोडवला होता. सरळ वेल्ड. आमच्याकडं ज्याला सगळे बेंडिक्स म्हणतात, त्या पिनियनच्या पोटात एकदिशा क्लच असतो. सेल्फ इंजिनाला फिरवू शकतो, पण इंजिन सेल्फला फिरवू शकत नाही. आत छोटे रोलर आणि स्प्रिंगा, भोवती ग्रीस. वेल्डिंगच्या वेळी ओलं फडकं गुंडाळलं होतं म्हणे. मी त्या वेळी जेवायला गेलो होतो. आल्यावर मी ते हातानं फिरवून बघायला पाहिजे होतं. एका दिशेला धरायला हवं, दुसऱ्या दिशेला सुटायला हवं. मी बघितलं नाही.

तिसरा गिअर, दोन्ही रोलर, नवी केबल. बटण दाबलं, भाच्यानं क्लच सोडला, आणि आरडी तिसऱ्या सेकंदाला लागली. फाटक्या आवाजात, निळा धूर सोडत. सगळे ओरडले. आनंदानं भाच्यानं थ्रॉटल पिळला.

आतलं ग्रीस वेल्डिंगच्या उष्णतेनं जळून बेंडिक्स आवळून बसला होता. म्हणजे आता इंजिन सेल्फला फिरवत होतं. क्रँक ६,००० वर गेला असं धरलं तर तिसऱ्या गिअरमध्ये चाक साडेपाचशेवर, रोलर साडेतीन हजारांवर आणि आमचा बिचारा सेल्फ अकरा हजारांच्या वर. तो बनवलेलाच नाही यासाठी. एक चिरकणारा आवाज चढत गेला, मग धाडकन. आर्मेचरच्या (सेल्फच्या आतल्या फिरत्या भागाच्या) पट्ट्या खाचांतून बाहेर फेकल्या जाऊन खोक्यात रुतल्या, मोटार जागच्या जागी जाम. चेननं रोलर जाम, आणि फिरतं चाक जाम रोलरवरून पुढं चढलं. गाडी दोन हात उडाली आणि हत्यारांच्या ट्रॉलीत घुसली. भाच्याचा हात क्लचवरच होता म्हणून भिंतीपर्यंत गेली नाही. कुणाला लागलं नाही. ट्रॉलीतली एक व्हर्निअर वाकडी झाली, ती अजून खिळ्याला टांगलेली आहे.

सेल्फ उघडला तेव्हा आतून तांब्याच्या पट्ट्या मोडलेल्या बांगड्यांसारख्या निघाल्या. भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "फिरवायला जमलं मामा. सुटायला न्हाई जमलं."

खरं काम तेच होतं. आमचे सगळे रविवार फिरवण्यात गेले, आणि सुटण्याचा भाग आम्ही एका वेल्डच्या भरवशावर सोडला होता.

दुसरा सेल्फ आणला. या वेळी पिनियनला आगीजवळ न्यायचंच नाही. स्प्रॉकेटसाठी वेगळा हब लेथवर कातला आणि शिरोलीला एका ओळखीच्या टूलरूममध्ये वायरकटवर (तारेनं ठिणग्या पाडून धातू कापणाऱ्या यंत्रावर) त्याच्या आत पिनियनच्या दात्यांचा आकार कापून घेतला. हब पिनियनवर हातमोज्यासारखा बसतो. पुढून एक प्लेट, बाजूनं दोन ग्रब स्क्रू. पिनियन पुढं-मागं सरकायची गरज नाही म्हणून तो स्पेसरनं पुढच्या जागी अडकवला, आणि करंट जोडायला वेगळा सोलेनॉइड (विजेवर चालणारा जाड स्विच) दिला. चेनच्या ओढीनं पिनियनचा शाफ्ट वाकू नये म्हणून बाहेरच्या टोकाला एक बेअरिंग. या सगळ्याला दोन दिवस आणि सेल्फपेक्षा जास्त पैसे लागले.

चेनवर पत्र्याचं कव्हर, आणि पुढचं मी पोरांच्या नाराजीवर बसवलं: बटण दाबून धरेपर्यंतच चालणारं, सोडलं की बंद. वळवून ठेवायचा स्विच नको. असला सेल्फ बिनलोड सोडला तर वेगाला आवर नसतो. चपला, लुंगी, गळ्यातला टॉवेल असलेल्याला शेडच्या दारातच थांबवायचं. रोज पहिल्यांदा चेन काढून स्प्रॉकेट हातानं फिरवायचं: एकीकडं धरतंय, दुसरीकडं मोकळं पळतंय, दोन्ही कळलं तरच चेन चढवायची. आणि इंजिन लागलं की क्लच आत. रोलरवर थ्रॉटल पिळायचा नाही, कितीही मोह झाला तरी.

चालवायची रीत अशी बसली. गाडी रोलरवर, तिसरा गिअर, क्लच आत, पुढचा ब्रेक घट्ट, रायडर सीटच्या मागच्या टोकाला पूर्ण वजन टाकून. बटण. चाक मोकळं वेग घेतं, कारण लोड नसताना सेल्फ भराभर पळतो. दोन सेकंदांनी क्लच सोडायचा, हळू नाही, एकदम नाही. चाक, रोलर आणि आर्मेचरमध्ये साठलेला जोर पहिलं कॉम्प्रेशन ओलांडून देतो, पुढचं सेल्फ ओढतो. क्लॅम्पमीटरवर त्या वेळी २३०-२४० अँपिअर. पाच सेकंदांत लागली नाही तर थांबायचं, प्लग बघायचे, सेल्फला अर्धा-पाऊण मिनिट गार होऊ द्यायचं. बॅटरीची काळजी नाही: २४० अँपिअरनं पाच सेकंद म्हणजे अँपिअर-तासाचा तिसरा हिस्सा. शंभर अँपिअर-तासाच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीला तीस वेळा गाडी लावली तरी दहाच जातात. आधी मरतो तो सेल्फ, उष्णतेनं.

बाहेर काढायला मात्र गाडी स्वतःच्या जोरावर निघत नाही. बेंडिक्स मोकळा असल्यामुळं रोलर नुसते फिरत राहतात. क्लच आत ठेवून मागून पस्तीस-चाळीस किलोचा एक धक्का द्यावा लागतो. आधी चार जण दमायचे, आता एक पोरगा एका हातानं करतो. मागं ओढून काढता येत नाही. चाक उलटं फिरलं की बेंडिक्स धरतो आणि मोटार आडवी येते.

पुढच्या खेपेला करीला गेलो तेव्हा आरडी पहिल्या बटणाला लागली. शेजारच्या पिटमधला एक तमिळ गृहस्थ आपली पाचशे सीसीची बुलेट घेऊन आला. रेसची, किक काढलेली, हेड कापून कॉम्प्रेशन चढवलेलं. तिसऱ्या गिअरमध्ये रोलर घासले. चौथ्यात क्रँक एकाच कॉम्प्रेशनला येऊन अडला. एक सिलिंडर, फोर-स्ट्रोक. आरडीसारखे छोटे छोटे दोन घास नाहीत, एकच मोठा.

भाच्यानं खुणेनं गाडी खाली उतरवायला सांगितली. जमिनीवर गिअर टाकून ती मागं ढकलली, कॉम्प्रेशनला टेकून थांबेपर्यंत. मग क्लच दाबून तशीच रोलरवर चढवली. रोलरवर हे करता आलं नसतं, बेंडिक्सनं धरलं असतं. आता क्रँकला कॉम्प्रेशनच्या आधी जवळपास दोन फेऱ्यांची मोकळी धाव मिळाली. चौथा गिअर, बटण, एक, दोन, क्लच. बुलेट एकदा खोल खोकली, दुसऱ्यांदा लागली. ते गृहस्थ क्लच दाबायचं विसरले आणि भाचा आनंदाच्या जागी "क्लच! क्लच!" म्हणून ओरडत होता.

संध्याकाळपर्यंत सहा वेगवेगळ्या गाड्या लावल्या. बॅटरी १२.४ व्होल्टवर होती. रोलरच्या नर्लिंगमध्ये मऊ टायरांचं रबर इतकं भरलं की ते परत गुळगुळीत झाले होते. रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन अर्धा तास घासावं लागलं. दोन रोलरांमधली चेन बोटभर सैल पडलीय. तिला टेन्शनर बसवायचा राहिलाय.